वरपक्ष जळगावचा

रुई उडायला लागली की माझं डोकं फिरतं. इतरांना त्या दिवसांत काव्य सुचतं म्हणे. जळगावातले जिनिंगचे कारखाने सुरू होतात, नशिराबादच्या रस्त्याला कपाशीच्या गाड्यांची रांग लागते आणि हवेत पांढरे तंतू तरंगू लागतात. ते केसांत बसतात, वाळत घातलेल्या लुगड्यांवर बसतात, चहाच्या सायीवर बसतात. बैलाच्या पापणीवर बसलेला तंतू मी पाहिला आहे. बैल डोळा मिचकावतो आणि तंतू जागचा हलत नाही. असेल सुंदर. मला दिसतो तो तीन वर्षांपूर्वीचा पौष महिना, ओली काळी शाई आणि मी काढलेलं एक पत्रक. त्याची प्रत आजही कुणाच्या घरात सापडली तर मी ती चुलीत घालीन.

मी पत्रकं लिहून लिहायला शिकले. कॉलेजच्या वसतिगृहाला पाणी नाही, काढ पत्रक. रेशनच्या ज्वारीत खडे, काढ पत्रक. मराठी मुलुख तोडला, काढ पत्रक. पत्रकाचा नियम असा की वाचणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही, आरोप पहिल्या ओळीत आला पाहिजे. इथे तो थोडा उशिरा येतो आहे, कारण तो माझ्यावरच आहे. मला हेवा वाटतो. फ्रान्समधल्या एका जुन्या गावाचा आणि इंग्लंडमधल्या एका शहराचा. दोन्ही मी पाहिलेली नाहीत आणि पाहीन असं काही दिसत नाही. तरी रुई उडायला लागली की त्या दोघांच्या नावाने माझ्या पोटात आग पडते.

यंदा ती जास्त पेटली, त्याला कारण पाट्या. आमच्या जिल्ह्याचं नाव बदललं. परवा कचेरीसमोरून जाताना पाहिलं, रंगारी शिडीवर चढून ‘पूर्व खानदेश’ खरवडत होता. ‘खान’ गेला, मग ‘देश’ गेला, रंगाचे पोपडे खाली उभ्या असलेल्या शिपायाच्या टोपीवर पडले. तिकडे धुळ्यालाही ‘पश्चिम’ असाच खरवडला असणार. आता ते धुळे आणि आम्ही जळगाव. पूर्व आणि पश्चिम म्हटलं की निदान एकाच अंगाचे दोन हात वाटायचे. रंगाऱ्याने ते वेगळे केले आणि रस्त्यावरच्या एकाही माणसाने मान वर करून पाहिलं नाही. मीच तेवढी बघत उभी राहिले, आणि मला सिंधूची आठवण झाली.

सिंधू धुळ्याची, म्हणजे देवपूरची. पांझरा नदीच्या अलीकडे राहणाऱ्यांना ती ‘धुळ्याची’ म्हटलेली चालत नसे आणि पलीकडच्यांना ‘देवपूरची’. तिचे वडील आबा, व्याकरणाचे मास्तर. मी नशिराबादच्या केळीवाल्यांच्या घरची. कॉलेजसाठी देवपूरला गेले आणि पहिल्याच आठवड्यात तिच्या बाकावर जाऊन बसले. दोघी एकाच उंचीच्या, एकाच रंगाच्या खादीच्या साड्या, दोघींची बोटं स्टेन्सिलच्या शाईने काळी. मुली आम्हाला जुळ्या म्हणत. पत्रकात भांडण मी लावायची, त्यातलं व्याकरण ती सावरायची. ‘तुझा एक शब्द दगडासारखा असतो आणि दुसरा शब्दही दगडासारखाच असतो,’ असं ती म्हणे. ‘लोकांनी बसायचं कुठे?’

तिनेच वाचनालयात ते इंग्रजी साप्ताहिक उघडलं होतं. चित्र होतं शाळकरी मुलांचं, हातात पेट्या, मागे एक भलंमोठं देवळासारखं चर्च. खाली लिहिलं होतं की फ्रान्समधलं रुआँ आणि इंग्लंडमधलं नॉरिच ही आता जुळी शहरं झाली आहेत. इकडची मुलं तिकडच्या घरांत राहायला जातात, तिकडची इकडे येतात, नगरपालिका एकमेकींना पाहुणे म्हणून बोलावतात. रुआँ हा उच्चार आम्हाला पुढे प्राध्यापकांनी सांगितला. आम्ही तेव्हा स्पेलिंगप्रमाणे ‘रुएन’ वाचलं, आणि कापसाच्या मुलखातल्या पोरी, दुसऱ्याच मिनिटाला त्याचं ‘रुईगाव’ करून टाकलं. मग ज्ञानकोशात पाहिलं तर तिथे खरोखरच सुताच्या आणि कापडाच्या गिरण्या. सिंधू वाचनालयातच हसत सुटली आणि ग्रंथपालांनी आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर पायऱ्यांवर बसून मी संतापले होते. हे तेच रुईगाव, जिथे इंग्रजांनी एका शेतकऱ्याच्या एकोणीस वर्षांच्या पोरीला भर चौकात जाळलं. आणि परवाच्या लढाईत याच गावावर जे बाँब पडले त्यांतले कितीतरी इंग्रजांच्याच विमानांनी टाकले होते. चर्चचं छप्पर त्यात गेलं. त्याआधी शेकडो वर्षं आलटून पालटून एकाने दुसऱ्यावर राज्य केलं. आणि आता हे लोक एकमेकांच्या मुलांच्या अंथरुणावर चादरी घालत आहेत. माझ्या नानांना, म्हणजे माझ्या काकांना, बेचाळीस साली इंग्रजांनी धुळ्याच्या तुरुंगात घातलं होतं. त्यांच्या पाठीवरचे वळ मी लहानपणी बोटाने मोजलेले. मला राग येत होता की इंग्रजाला कुणी माफ करावं. आणि त्याहून जास्त राग येत होता की ते त्यांना जमावं.

सिंधू म्हणाली, ‘आपल्याला कोणी जाळलंय? तरी जळगावची शाळा धुळ्याला खेळायला आली की दगडफेक होते.’

खरंच होतं ते. एस.टी.ने तीन तास. मध्ये पारोळ्याला चहा. आणि तेवढ्या अंतरात काय काय पेरून ठेवलेलं. आमच्याकडे म्हणायचे, धुळ्यात आहे काय, कोर्ट आणि धूळ. त्यांच्याकडे म्हणायचे, जळगावात नावापुरतंच जळ. भरीत कोणाचं खरं यावरून तर लग्नातल्या पंगती मोडल्या आहेत. आमचं म्हणणं, हिरवं मोठं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं, त्याला तोड नाही. त्यांचं म्हणणं, काड्या आमच्याही शेतात आहेत, तुम्ही फक्त आवाज जास्त करता. हे दुसरं खरं आहे, पण मी ते तेव्हा कबूल केलं नसतं.

त्या पौषाच्या आधी, दिवाळी संपताच, आम्ही ठरवलं की हे करायचं. जळगाव आणि धुळे जुळी गावं व्हायची. इकडची बारा मुलं-मुली दहा दिवस तिकडच्या घरांत, तिकडची बारा इकडे. भाषणं नाहीत, हारतुरे नाहीत. आबांनी धुळ्यात लोकांना भेटायचं कबूल केलं, नानांनी जळगावात. आणि कसं सुरू करावं हे विचारायला आम्ही थेट रुईगावच्या नगरपालिकेला इंग्रजीत पत्र लिहिलं. त्यात आपण कोण, आपलं गाव केवढं, पांझरेच्या काठी संध्याकाळी आपण दोघी कशा फिरायला जातो, सगळं लिहिलं. खाली दोघींच्या सह्या. पत्ता सिंधूचा दिला, कारण नशिराबादचं स्पेलिंग परदेशी टपालवाल्याला जमणार नाही असं तिला वाटलं. मलाही तसंच वाटलं होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते.

मग पौषात मी सुट्टीला घरी आले. नानांच्या मळ्यात केळीचे घड उतरत होते. पानांतून ओली सावली, चिकाचे डाग पडलेले सदरे, गाड्यांवर पानं अंथरून रचलेले घड. काकूने एका फणीतून एक केळं तोडून बाजूला ठेवलं. जुळं होतं ते, दोन केळी एका सालीत चिकटलेली. आमच्याकडे पोरीबाळी जुळं केळं खात नाहीत, खाल्लं तर पोटी जुळं येतं म्हणतात. ते गाईला घालतात, नाहीतर म्हाताऱ्या बायकांना देतात. मी काकूला सांगितलं की आम्ही धुळ्याला आणि जळगावला जुळी गावं करतोय. काकूने घडावरची नजर न काढता विचारलं, ‘आणि बाळंतपण कोण करणार व माय?’

मळ्यातल्या साऱ्या बायका हसल्या. मीही हसले, पण तो शब्द माझ्या मनातून उतरला. जुळी गावं म्हटलं की आमच्या लोकांना पोट आठवणार. मग दुसरा कोणता शब्द? मी सिंधूला विचारायला हवं होतं. शब्दांचं खातं तिचं होतं.

त्याच आठवड्यात तिचं कार्ड आलं. ‘रुईगावचं पत्र आलं. मोठं आहे. लगेच ये, एकटीने वाचवत नाही.’ मी निघालेही असते. पण कार्डाच्या आधी नानांच्या हाती धुळ्याचं एक छोटं साप्ताहिक पडलं होतं. त्यात चौकटीत बातमी होती, देवपूरच्या कन्येस फ्रान्सहून पत्र. सिंधूचं नाव, आबांचं नाव, देवपूरच्या शाळेचं नाव, आणि शेवटी ‘व एक मैत्रीण’.

व एक मैत्रीण. चार वर्षं झिजवलेल्या हातांचं नाव ‘व एक’. नानांनी बातमी मोठ्याने वाचली आणि सहज विचारलं, ‘मंदे, ही मैत्रीण म्हणजे तू का?’ त्यांच्या विचारण्यात काहीच नव्हतं. पण माझ्या कानांत रुई कोंबल्यासारखं झालं. पाकिटावर एकटीचं नाव आलं म्हणून ती छापून आली, आणि तिने छापू दिलं. तिने सांगितलं असेल का, आबांनी दिली असेल का बातमी, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर राग उतरला असता, आणि मला तो उतरू द्यायचा नव्हता.

मी धुळ्याला गेले नाही. जळगावात सायक्लोस्टाइल यंत्र होतं, तिथे गेले. खिडकीतून रुई येत होती, ओल्या शाईवर बसत होती. त्या पत्रकाच्या प्रत्येक प्रतीवर कुठे ना कुठे एक पांढरा केस चिकटलेला आहे. मथळा दिला, ‘जळगाव–धुळे सोयरीक’. जळगाव आधी. सोयरीक हा शब्द मला फार आवडला होता, कारण तो कुणाला समजावून सांगावा लागत नाही. सोयरीक म्हटली की घरं आली, पाहुणचार आला, येणंजाणं आलं. आणि मग खाली मी एक ओळ घातली. ती ओळ माझ्या बुद्धीने लिहिली नाही, माझ्या जळफळाटाने लिहिली. ‘वरपक्ष जळगावचा. तेव्हा रीतीप्रमाणे धुळेकरांनी आधी यावं.’

चार दिवसांत ते पत्रक देवपुरात पोचलं. शाळेच्या दालनात दुपारी सभा होती, मुलं पाठवणारे आईबाप यायचे होते. मीही गेले, मागे उभी राहिले. सिंधू पुढच्या रांगेत होती, तिच्या हातात निळ्या कडेचं पाकीट होतं, आणि ती दाराकडे सारखी वळून बघत होती. मी खांबाआड झाले.

पहिल्यांदा एक तेलाचे व्यापारी उठले. त्यांनी पत्रक वाचून दाखवलं आणि शांतपणे विचारलं, म्हणजे आम्ही मुलीकडचे? दालनात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, ‘नवरदेव कोन शे मंग?’ आणि हशा झाला, पण तो चांगला हशा नव्हता. एक बाई म्हणाल्या, आमची पोरं आधी जायची आणि त्यांच्या दारात पाय धुवायला पाणी मागायचं का? दुसऱ्या म्हणाल्या, आधी मानपान ठरवा, उद्या जळगावची वरमाय रुसली तर कोण समजूत काढेल. लोक मजा करत होते आणि मजेमजेत घट्ट होत होते. हे मी सभांतून खूपदा पाहिलं आहे. हसणारा माणूस एकदा हट्टाला पेटला की रागावलेल्या माणसापेक्षा अवघड.

आबा उठले. मला वाटलं ते मला शोधून बोलतील. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘धुळे नपुंसकलिंगी. जळगाव नपुंसकलिंगी. लग्न लागणार कसं, ते आधी सांगा.’ लोक पोट धरून हसले. आबा हसले नाहीत. ‘ज्याने कोणी हे लिहिलं त्याला लेखणी आहे, कान नाही,’ एवढंच म्हणून ते बसले. ‘ज्याने’ म्हणाले. त्यांना ठाऊक होतं कोणी लिहिलं ते.

जळगावात उलट झालं. तिथे लोकांना पत्रक भारी आवडलं. वरपक्ष म्हटल्यावर सगळे पाय पसरून बसले. मुलीकडचं बोलावणं येऊ दे, मग बघू. नाना दहा घरी फिरले, दहा घरी हेच. धुळे म्हणे आम्ही मुलीकडचे नव्हे. जळगाव म्हणे आम्ही तर वरपक्ष, आधी कसे जाणार. या दोन गावांचं एरवी कशावरही एकमत होत नाही, पण आधी न जाण्यावर झालं. माझी चुलतबहीण कुसुम बारा जणांत होती. तिने वळकटी बांधून कोपऱ्यात उभी केली होती. आठ दिवस ती तशीच उभी होती, नवव्या दिवशी काकूने सोडून चादर वापरायला काढली. मी तिथेच खिचडी खात होते.

सिंधूने आणखी दोन कार्डं टाकली. पहिल्यावर एवढंच होतं, ‘सभेला का आली नाहीस?’ दुसऱ्यावर फक्त पत्ता होता आणि मजकुराच्या जागी कोरं. मी ते नीट जपून ठेवलं आणि उत्तर दिलं नाही. पहिलं वर्ष रागात गेलं, पुढची दोन शरमेत, आणि शरम रागापेक्षा फार जास्त आळशी असते.

या तीन वर्षांत मी मोठमोठ्या गोष्टींवर पत्रकं काढली. राज्य मिळालं, मिरवणुका निघाल्या, मीही घसा फोडून ओरडले. मराठी माणूस एक झाला असं मीच लिहिलं. लिहिताना देवपुराकडे पाठ करून बसले होते. आणि मध्येच कधी वर्तमानपत्रात त्या दोन परक्या गावांची ओळभर बातमी यायची, अमुक मुलं गेली, तमुक आली, आणि मी पान उलटायची. यांनी पोरी जाळल्या, बाँब टाकले, तरी यांचं जमतं. आम्ही फक्त एक शब्द चुकवला. मी रागाने हे किती वेळा म्हटलं असेल. ‘आम्ही’ म्हणायची, ‘मी’ म्हणायचं टाळायची.

रंगाऱ्याने पाटी खरवडली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी मळ्यात गेले. घड उतरत होते. काकूने एक जुळं केळं बाजूला काढलं होतं. मी ते मागून घेतलं. काकूने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, ‘गाईचं हाय ते.’ मी म्हटलं, गाईची माफी मागते. तशीच धुळ्याची एस.टी. पकडली. पारोळ्याचा चहा प्याले नाही, गाडीतून उतरले तर परत फिरेन अशी भीती होती.

देवपुरात दार सिंधूनेच उघडलं. आता ती शाळेत शिकवते. पदराला खडूची पूड होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि आत तोंड करून म्हणाली, ‘आबा, वरपक्ष आलाय. पाट मांडू का खुर्ची देऊ?’

आतून आबा म्हणाले, ‘आधी लिंग विचार.’

मी पिशवीतून केळं काढून तिच्या हातात दिलं आणि म्हटलं, ‘ती ओळ मी जळून लिहिली, सिंधू. तुझं नाव छापून आलं म्हणून.’

‘ठाऊक आहे,’ ती म्हणाली. ‘ती बातमी आबांच्या एका विद्यार्थ्याने दिली. मी त्याच्याशी महिनाभर बोलले नाही. तुला सांगायला कार्ड टाकलं होतं.’ मग केळं हातात उलटंसुलटं करत, ‘कोऱ्या कार्डावर तेच होतं.’

तिने केळी वेगळी केली. जुळं केळं ओढलं की एकाची साल सबंध निघते आणि दुसऱ्याची कूस उघडी पडते; कितीही जपून ओढा, हे असंच होतं. उघडं तिने स्वतः घेतलं. मी हिसकावून घेतलं. आबा म्हणाले, पोरींनो, परिणाम माहीत आहेत ना. आणि आम्ही दोघींनी त्यांच्यासमोर खाल्लं.

मग तिने वह्यांची एक जुनी पेटी आणली. निळ्या कडेची पाकिटं होती, एक नव्हे, पाच. पहिलं, जे मी कधी वाचलं नव्हतं, ते उघडून माझ्यापुढे धरलं. पाकिटावर तिचं एकटीचं नाव. आतल्या कागदाची सुरुवात मात्र दोघींना उद्देशून, दोघींच्या नावांनी. रुईगावच्या नगरपालिकेतल्या कुणा बाईंनी लिहिलं होतं की आम्हीही आधी मुलांनाच पाठवलं, मोठी माणसं पाठवली असती तर आधी कोणी जायचं यावर अजून बैठका चालल्या असत्या.

बाकीची चार तिच्या उत्तरांची उत्तरं होती, आणि प्रत्येकाला तिने आपल्या पत्राची नक्कल जोडून ठेवली होती. ती तीन वर्षं त्या बाईंना लिहीत होती, आणि प्रत्येक पत्राखाली दोन नावं घालत होती. अक्षर एकच का, असं त्यांनी विचारू नये म्हणून दुसऱ्याच पत्रात तिने लिहून टाकलं होतं की मंदाच्या हाताला लागलं आहे, तिची सही सध्या मीच करते. पत्रांतून आम्ही अजून पांझरेच्या काठी फिरत होतो. आमचं काम थोडं अडलं होतं, पण आम्ही धीर सोडला नव्हता. पावसाळ्यात आम्ही पुलावरून पूर पाहिला होता. मी विनोद केला होता, कोणता ते तिने लिहिलं होतं, आणि तो चांगला होता.

मी ती पत्रं वाचली आणि इतकी जळले की विचारू नका. रुआँचा नव्हे, नॉरिचचाही नव्हे. समुद्रापलीकडे एका कचेरीच्या कपाटात एक मंदा आहे, तिने ती ओळ लिहिली नाही, तिच्यामुळे कुसुमची वळकटी सुटली नाही, ती रोज संध्याकाळी सिंधूबरोबर नदीवर जाते. मला तिचा हेवा वाटला. तीन वर्षं माझी जागा तिने खाल्ली.

शेवटच्या पत्रात त्या बाईंनी विचारलं होतं, मंदाचा हात आता बरा आहे का.

‘दोन महिने झाले याला,’ सिंधू म्हणाली. ‘काय लिहावं कळत नव्हतं.’ तिने कागद माझ्याकडे सरकवला, टाक सरकवला, आणि स्वतः चहा टाकायला उठून गेली.

मी वर लिहिलं, देवपूर, धुळे. मग लिहिलं, हात बरा आहे. त्यापुढे काय लिहायचं ते मला सुचेना. पत्रकाच्या बाबतीत माझं असं कधीच झालं नव्हतं.